घार, मांजा आणि पेरूवाल्याचा पंचा

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या नाक्यावर, नायलॉनच्या मांज्याने पंख चिरला जाऊन पदपथावर पडलेल्या घारीभोवती बघ्यांचा घोळका नुसते सल्ले देत उभा असता, एका अपरिचित पेरूवाल्याने, कोणाचीही अनुमती न मागता, खांद्यावरचा पंचा तिच्या मस्तकावर अलगद टाकला.

घार शांत झाली. शिकारी पक्ष्याची दृष्टी झाकली की त्याची भीती पुष्कळ ओसरते, आणि त्याच्या चोचीपेक्षा नख्या अधिक घातक असल्याने पाय आधी धरावे लागतात, हे शास्त्र पेरूवाल्याला कोणी शिकवले कोण जाणे. वीस वर्षे पक्षिनिरीक्षण करणारा मी मनोमन खजील झालो.

एक गृहस्थ बाटलीतले पाणी चोचीत ओतू लागले, त्यांस मात्र मी अटकाव केला; पाणी श्वासनलिकेत उतरल्यास पक्षी दगावतो. मांसात रुतलेला मांजाही ओढू नये. लोंबता दोरा तेवढा कापावा, बाकी पशुवैद्यावर सोपवावे.

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची २०१७ सालापासून बंदी आहे. अंमलबजावणीविषयी न बोललेलेच बरे.

पेरूवाल्याने आपले पुठ्ठ्याचे खोके रिकामे करून त्यास भोके पाडली, मी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर इत्तला दिली (वन्य पक्षी परवान्याविना घरी ठेवणे १९७२च्या कायद्यान्वये गुन्हा आहे), आणि घार सुपूर्द होईपर्यंत, सव्वा तास, तो गिऱ्हाइके सोडून खोक्यापाशी बसून राहिला. पंचा घारीबरोबरच गेला.

जखमी पक्ष्यांविषयी कोणास काही पृच्छा करावयाची असल्यास अवश्य करावी.