थंड देशांच्या याद्या आणि चांद्याचं ऊन

कॅम्परव्हॅन घेतली की माणूस आधी सामानाच्या याद्या शोधतो. हाती लागतात त्या बहुतेक नॉर्वे, इंग्लंड, कॅनडाच्या, नाहीतर लडाखच्या. त्यांत डिझेलवरचा हीटर असतो, जाड रजया असतात, टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून वेगळी सोय असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गाडी आणणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, एखाद्या वर्षी ४७ ही ओलांडतो. पावसाळ्यात गडचिरोलीतले नाले रस्त्यावरून वाहतात आणि राज्यातल्या हिवतापाचा मोठा वाटा याच जिल्ह्यातून येतो. यादी या तीन गोष्टींपासून सुरू व्हायला हवी: ऊन, पाणी, डास.

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. त्यात वीज, पाणी, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. चांगली आहे. पण आलापल्लीच्या पुढे प्रत्येक मुक्कामाला असा पार्क भेटेल असं धरून सामान घेऊ नका.

“एसी बसवला की उन्हाळ्याचा प्रश्न मिटला”

सगळ्यांत महागात पडणारा समज हाच, म्हणून हिशेब नीट मांडू. एक टनाचा घरगुती एसी चालताना हजार ते बाराशे वॅट वीज खेचतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात साधारण बाराशे वॅट-अवर, म्हणजे सव्वा युनिटच्या आत वीज असते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज वजा केली तर एसी तासभर चालला तरी पुष्कळ. घरच्या इन्व्हर्टरला असते तशी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर ती निम्म्याच्या खाली उतरवू नये, तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे उरला अर्धा तास. गाडीसाठी मिळणारे छोटे डीसी एसी कमी वीज खातात, तरी अख्खी रात्र काढायची तर बॅटऱ्यांची रांग लागते. टपावर चारशे वॅटची सोलर पॅनेलं बसवली तर चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड-पावणेदोन युनिट मिळतात. रात्रभराच्या एसीला तीन-चार तरी हवीत. हिशेब जुळत नाही.

मग काही जण इंजिन चालू ठेवून झोपतात. हे करू नका. उभ्या गाडीत धूर शिरू शकतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असं नाही.

चांद्याच्या घराघरात याचं उत्तर खिडकीला टांगलेलं आहे: कूलर. हवा कोरडी असली की पाणी उडून जाताना हवा गार होते, आणि एप्रिल-मे महिन्यात इथली हवा कोरडीच असते. १२ व्होल्टचा छोटा कूलर पन्नास-साठ वॅटवर चालतो. मात्र समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर तासाभरात आत नुसता दमटपणा कोंडतो. शिवाय तो तासाला तीन-चार लिटर पाणी पितो. मृग लागून पाऊस सुरू झाला की कूलर बिनकामाचा. तेव्हा पंचवीस-तीस वॅटचा बीएलडीसी पंखा पुरतो. दोन्ही ऋतूंत खिडक्या उघड्या ठेवाव्या लागणार, म्हणून प्रत्येक खिडकीला आणि टपावरच्या झरोक्याला बारीक जाळी बसवून घ्या. माझ्या यादीत पहिली खरेदी ही जाळी. फ्रिज, दिव्यांच्या माळा, लाकडी पट्ट्यांचं छत हे सगळं नंतर.

इन्सुलेशन थंडीसाठी असतं, हाही असाच आयात केलेला समज. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आत सोडतो. टपाला पांढरा रंग, आतून फोमचा थर आणि काचांना चंदेरी पडदे, इतक्यानेही झोप लागण्याइतका फरक पडतो.

आणि सावली. इथलं जंगल सागाचं, आणि साग ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. नकाशावर हिरवं दिसतं तिथे एप्रिलमध्ये पोहोचलात तर खराट्यांखाली उभे राहाल. मोहाखाली तर नकोच. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात, ती वेचायला पहाटे गावातली माणसं येतात आणि खायला अस्वलं. गावाजवळची चिंच किंवा आमराई बघावी, मालकाला विचारावं आणि तिथे गाडी लावावी.

“ऊन जास्त, म्हणजे सोलर जास्त”

पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नव्हे. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची क्षमता साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यात टपावरचं पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं तर पंधराएक टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नका, खालून वारा जाईल इतकी जागा ठेवा. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूर या खाणपट्ट्यात कोळशाची धूळ बसते, ती रोज पुसावी लागते. लांब दांड्याचा ओला मॉप हे इथलं खरं सोलर उपकरण. लिथियम बॅटरीही फार तापली की तिची संरक्षक यंत्रणा चार्जिंग थांबवते. ती सीटखालच्या बंद खोक्यात न कोंबता खाली, सावलीच्या बाजूला, हवा खेळेल अशी ठेवा आणि तिच्या अधिक टोकाजवळच फ्यूज लावा. नवीन बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर स्वतःच्या मर्जीने कमी-जास्त वीज देतो, तेव्हा नुसती वायर ओढून दुसरी बॅटरी नीट भरत नाही. डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

“खिडकी उघडी असली की गॅसची भीती नाही”

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खिडकीतून वर जात नाही, जमिनीलगत साचतो. सिलिंडरचा कप्पा झोपायच्या भागापासून बंदिस्त हवा आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. गॅस ओळखणारा अलार्म जमिनीजवळ, कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या उंचीवर. दोन वेगळे अलार्म, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. दोन माणसांना पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो, घरचा १४.२ किलोचा उचलून आणू नका. इंडक्शन दीड-दोन हजार वॅट मागतं, एसीचाच हिशेब पुन्हा. एबीसी पावडरचा अग्निशामक दाराजवळ ठेवा. चुलीजवळ ठेवला तर पेटलेल्या चुलीवरून हात घालून काढावा लागेल.

बाहेर तीन दगड मांडून चूल पेटवायची हौस असते. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो, आणि राखीव जंगलात विस्तव पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे.

“आरओ बसवा, पाण्याची चिंता सोडा”

आरओला दाब लागतो, वीज लागते, आणि तो एक लिटर शुद्ध करताना त्याहून जास्त पाणी सांडतो. टाकीत पन्नास लिटर पाणी घेऊन फिरणाऱ्याला ही चैन परवडत नाही. मे महिन्यात माणशी चार-पाच लिटर नुसतं प्यायला लागतं. दोघांचं पिणं, स्वयंपाक, भांडी आणि रात्रीचा कूलर मिळून पन्नास लिटर सहज होतात. पन्नास लिटर म्हणजे पन्नास किलो. ते वजन टपावर ठेवलं तर वळणावर गाडी झोल खाते. दोन चाकांच्या मध्ये, खाली ठेवा. एका मोठ्या टाकीपेक्षा वीस लिटरचे दोन-तीन कॅन बरे, कारण पाणी जिथे मिळतं तिथे गाडी जाईलच असं नाही.

उकळलं की सगळं पाणी शुद्ध, हेही अर्धंच खरं. जंतू मरतात. पण चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे, आणि ते उकळून जात नाही. पाणी आटलं तर उलट त्याचं प्रमाण वाढतं. प्रवाशाला चार दिवस ते प्यायल्याने काही होणार नाही, त्रास वर्षानुवर्षं पिणाऱ्या गावकऱ्यांना होतो. तुमची काळजी जंतूंची. त्याला उकळणं किंवा क्लोरीनचे थेंब पुरतात.

“फोर बाय फोर आहे, अडकणार नाही”

वरोरा, भद्रावती, राजुरा भागातली काळी माती पहिल्या पावसात टायरला असा थर चढवते की चारही चाकं जागच्या जागी फिरतात. पूर्वेकडे धानाच्या बांध्या. तिथे रस्त्याच्या कडेची ओली माती वरून सुकलेली दिसते आणि गाडी टेकताच बसते. फोर बाय फोर नसली तरी चालेल, पण पुढचं सामान हवं: टायरखाली घालायच्या दोन रिकव्हरी पाट्या, मजबूत दोर, फावडं, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि खरोखर हवा भरलेली स्टेपनी. डिझेल आलापल्लीला भरून घ्या. सूरजागडच्या खनिजाच्या ट्रकांनी या पट्ट्यातल्या रस्त्यांची काय दशा होते ते तिथे गेल्यावर कळतंच.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे दर पावसाळ्याचं. त्या दिवसांत हेमलकशाकडे निघताना चार दिवसांचा शिधा जास्तीचा असू द्या. नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

“गाडीतच झोपतो, मग जंगलात कुठेही थांबलं तरी काय बिघडलं?”

ताडोब्याच्या कोअरमध्ये सफारी वन विभागाच्या नोंदणीकृत गाड्यांतूनच होते. तुमची व्हॅन मोहर्ली किंवा कोलारा फाटकाबाहेरच राहणार. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायला १९७२ चा वन्यजीव कायदा मनाई करतो. आणि कोअरच्या बाहेर वाघ नाही, असं चंद्रपुरात कुणी म्हणत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलाच्या कडेला खुर्च्या मांडून रात्री जेवायची कल्पना तिथल्या माणसाला सांगून बघा, तो काय म्हणतो ते ऐका. गडचिरोलीत २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही फिरतात. धान आणि मोहफुलांच्या वासाने ते घरांच्या भिंती पाडतात.

बेवारस जागा मात्र इथे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर कित्येक गावांना. त्या जंगलाबद्दल विचारायचं ते ग्रामसभेला. सरपंचाला किंवा शाळेच्या गुरुजींना विचारून पटांगणात गाडी लावायला सहसा नाही म्हणत नाहीत. गडचिरोलीत जवळच्या पोलीस मदत केंद्रात कुठे थांबणार ते सांगून ठेवा. तिथली परिस्थिती त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६, रुग्णवाहिकेचा १०८.

“माझी गाडी, आत मी काहीही करीन”

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. विंगर किंवा ट्रॅव्हलरच्या सीटा काढून गॅरेजवाल्याकडून पलंग-ओटा ठोकून घेतला, तर आरसी बुकातली आसनक्षमता आणि गाडी यांचा मेळ बसत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि खासगी वापराची कॅम्परव्हॅन बिगर-वाहतूक गटात नोंदता येते. एमएच-३४ असो की एमएच-३३, काम सुरू करण्याआधी आरटीओत जाऊन या. ज्यांना इतक्यात पडायचं नाही त्यांनी सीटा तशाच ठेवून, उचलून काढता येईल असं सामान करावं.

“औषधांच्या पेटीत सापाचं इंजेक्शन हवंच”

नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालणारं अँटी-व्हेनम शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं, कारण त्याचीच जीवघेणी ॲलर्जी येऊ शकते. दंश झालेला भाग हलू न देता माणसाला सरकारी दवाखान्यात नेणं, कापाकापी आणि आवळपट्टी टाळणं, एवढंच तुमचं काम. पेटीत ओआरएस भरपूर ठेवा, ते मे महिन्यात रोज लागेल. मच्छरदाणी औषध लावलेली घ्या. बंद गाडीत कॉइल जाळणं म्हणजे तो धूर रात्रभर स्वतःच ओढणं. घरी परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘गडचिरोलीत होतो’ हे न विचारता सांगा आणि रक्त तपासून घ्या.

शेवटची वस्तू कुणाच्या यादीत वर नसते: सांडपाण्याचा झाकणवाला कॅन आणि कॅसेट टॉयलेट. उन्हाळ्यात नाला कोरडा दिसतो, म्हणून भांड्यांचं साबणपाणी आणि टॉयलेटचं रसायन तिथे ओतून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याच नाल्याच्या रेतीत शंभर पावलांवर गावकऱ्यांचा झिरा असू शकतो, आणि त्यातलं पाणी वाटीवाटीने भरून घरी प्यायला जातं. कॅन भरला की तो झाकण लावून पुढच्या गावापर्यंत न्या. साबणपाणी विचारून शोषखड्ड्यात, टॉयलेटची टाकी विचारून सेप्टिक टँकमध्ये.