गुलाबी बोंडअळीची सुप्तावस्था

गुलाबी बोंडअळी (शास्त्रीय नाव: पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) ही कपाशीवरील प्रमुख कीड असून महाराष्ट्रात ती शेंदरी बोंडअळी या नावानेही ओळखली जाते. डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये भारतातील नमुन्यांवरून तिचे प्रथम वर्णन केले. शेतात कपाशी नसताना ही कीड पूर्ण वाढलेल्या अळीच्या रूपात निपचित राहते. या अवस्थेस सुप्तावस्था म्हणतात.

सुप्तावस्थेची सुरुवात

थंडीने गारठणे आणि सुप्तावस्था या भिन्न गोष्टी आहेत. गारठलेला कीटक ऊब मिळताच हालचाल करू लागतो. सुप्त अळी मात्र एखाद-दुसऱ्या उबदार दिवसाने कोषात जात नाही. तिला मुख्य सूचना दिवसाच्या लांबीतून मिळते. दिवस साधारणतः १३ तासांहून लहान होऊ लागले की काही अळ्या सुप्तावस्थेकडे वळतात. रात्रीचा गारवा आणि पक्व सरकीतील तेलयुक्त आहार यांमुळे अशा अळ्यांचे प्रमाण वाढते. मध्य व दक्षिण भारतात हिवाळा सौम्य असल्याने सर्वच अळ्या सुप्त होत नाहीत. फरदड ठेवल्यास पाते व बोंडे मिळत राहतात आणि पिढ्या चालूच राहतात.

सुप्त अळी शरीरात चरबी साठवते, खाणे थांबवते व स्वतःभोवती रेशमाचे घट्ट वेष्टण विणते. तिचा श्वसनाचा वेग मंदावतो. पोखरलेल्या दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांत ती अनेकदा दडते. न उमललेली किडकी बोंडे, बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, जिनिंग कारखान्यातील सरकी आणि जमिनीतील पालापाचोळा ही तिची इतर आश्रयस्थाने होत. कोरड्या सरकीत ती दोन वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत.

जागृती व प्रजनन

दिवस मोठे होऊन उष्णता व ओलावा वाढला की अळी कोषात जाते आणि पुढे पतंग बाहेर पडतो. सर्व पतंग एकाच वेळी निघत नाहीत. हा कालावधी कित्येक आठवडे लांबतो. पतंग निशाचर असतात. मादी रात्री गंधद्रव्य सोडून नराला आकर्षित करते. कामगंध सापळ्यांत याच गंधाची कृत्रिम प्रतिकृती वापरतात. मीलनानंतर मादी कपाशीवर अंडी घालते. फुलांत शिरलेल्या अळ्या पाकळ्या रेशमाने बांधतात व फूल नीट उमलत नाही. शेतकरी अशा फुलास डोमकळी म्हणतात.

पाते लागण्यापूर्वीच बाहेर पडलेल्या पतंगांच्या संततीस अन्न मिळत नाही व ती पिढी वाया जाते. मान्सूनपूर्व लागवड टाळण्याच्या शिफारशीमागे हेच कारण आहे: लवकर पेरलेली कपाशी नेमकी या पतंगांच्या उपयोगी पडते. हंगाम वेळेवर संपवून पऱ्हाट्या नष्ट करणे हा उपाय सुप्त अळ्यांवर थेट घाव घालतो, कारण वेष्टणातील अळीपर्यंत फवारणी क्वचितच पोहोचते. बीटी कपाशीतील विषांना या किडीने प्रतिकारशक्ती मिळवल्यानंतर, विशेषतः महाराष्ट्रात २०१७ च्या हंगामात झालेल्या मोठ्या नुकसानीनंतर, या जुन्या उपायांकडे पुन्हा लक्ष वळले. अमेरिकेत बीटी वाण व वंध्य पतंग यांच्या जोडीला पिकाचे अवशेष नांगरून गाडण्याची पद्धत वापरण्यात आली. तेथील कापूस क्षेत्रातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे २०१८ मध्ये घोषित करण्यात आले.