बिनशेपटीचं विमान आणि आपल्या लेकी

आपल्या या कार्यक्रमात आपण बचत, कर्ज, शेळीपालन, मसाला उद्योग असे विषय घेतो. आजचा विषय जरा वेगळा आहे: शेपूट नसलेलं, माणूस नसलेलं विमान, आणि त्याचं घरी तयार होणारं, रेडिओवर उडणारं छोटं रूप. हा विषय आपल्यात कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या अहमदपूर तालुक्यातल्या कितीतरी मुली आता लातूरला, नांदेडला पॉलिटेक्निकला आणि इंजिनिअरिंगला जातात. सुट्टीला घरी आल्या की त्यांच्या बोलण्यात ड्रोन, मोटर, सर्वो असे शब्द येतात. एखादी म्हणते, "आई, आम्हाला विमान बनवायचंय, पैसे लागतील." तेव्हा आईला नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणता येऊ नये, दोन प्रश्न नीट विचारता यावेत, म्हणून आजचं हे बोलणं.

ड्रोन आपल्याला नवा नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोननं होते हे आपण ऐकलंय, पाहिलंय. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तिला आपण 'ड्रोन दीदी' म्हणतो. तो फवारणीचा ड्रोन चार-सहा पंख्यांचा असतो, जागच्या जागी उभा उठतो आणि हवेत थांबतो. आज मी सांगतेय ते विमान थांबत नाही. त्याला पुढं जातच राहावं लागतं, कारण पंखांवरून हवा वाहिली तरच ते वर राहतं. मात्र थोड्या बॅटरीत ते लांबवर जातं. म्हणूनच जगात शेतांचे नकाशे काढायला एक-दीड किलोची, फोमची, बिनशेपटीची विमानं वापरतात.

आता शेपूट असते कशाला ते पाहू. लहानपणी पतंगाला चिंधीची शेपूट लावली की तो गिरक्या घ्यायचा थांबायचा, हे आठवतं ना? बाणाला मागं पिसं लावतात तेही त्यासाठीच. विमानाची शेपूट दोन कामं करते. आडवा भाग नाक वर-खाली होण्यावर ताबा ठेवतो. उभा भाग नाक डावी-उजवीकडे भरकटू देत नाही. शेपूट काढली की वजन वाचतं, हवेचा अडथळा कमी होतो, आणि लष्कराच्या दृष्टीनं रडारला ते विमान दिसणं अवघड होतं. पण शेपटीची दोन्ही कामं मग पंखालाच करावी लागतात. घरातली एक बाई माहेरी गेली की तिची कामं दुसरीवर येतात, तसंच.

पंख ती कामं तीन युक्त्यांनी करतो. पहिली युक्ती पंखाच्या मागच्या कडेची. ती किंचित वर वळवलेली असते, त्यामुळे नाक खाली जायला लागलं की हवा त्याला परत वर आणते. दुसरी युक्ती आकाराची. पंख मागं झुकलेले असतात, बाणाच्या टोकासारखे. त्यामुळे पंखांची टोकं मध्यापेक्षा मागं जातात आणि तीच शेपटीसारखी वागतात. तिसरी युक्ती वळण्याची. मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात. दोन्ही वर गेल्या की नाक वर येतं. एक वर, एक खाली गेली की विमान कुशीवर वळतं. मोठ्या विमानांत पंखाच्या टोकाला उघडझाप करणाऱ्या पट्ट्याही असतात. उजवीकडची उघडली की उजवा पंख हवेत अडतो आणि विमान उजवीकडे वळतं. बैलगाडीत उजव्या बैलाचा कासरा ओढला की गाडी उजवीकडे वळते, त्यातलाच प्रकार.

निसर्गानं हे आपल्या आधी केलंय. इंडोनेशियाच्या जंगलात एक वेल आहे. तिचं बी कागदासारख्या पातळ, रुंद पंखाच्या मधोमध बसलेलं असतं आणि शेपटीविना दूरवर तरंगत जातं. युरोपातल्या सुरुवातीच्या विमान बनवणाऱ्यांनी ते बी पाहून पंखाचा आकार घेतला होता. पुढे अमेरिकेचं बी-२ हे मोठं बिनशेपटीचं विमान १९८९ मध्ये उडालं. एक्स-४७बी नावाचं माणूस नसलेलं बिनशेपटीचं जेट २०१३ मध्ये समुद्रातल्या विमानवाहू जहाजावर आपोआप उतरलं. परदेशातले हौशी लोक याच विमानांच्या छोट्या प्रतिकृती करतात आणि त्यांत खरं जेट इंजिन बसवतात.

आपल्या देशातलं उदाहरण तर शेजारच्याच राज्यातलं आहे. कर्नाटकात चित्रदुर्गला डीआरडीओचं चाचणी मैदान आहे. तिथं १ जुलै २०२२ रोजी आपल्या शास्त्रज्ञांनी बिनशेपटीचं, माणूस नसलेलं जेट पहिल्यांदा उडवलं. उड्डाण, ठरलेला मार्ग, उतरणं, सगळं त्यानं आपोआप केलं. ते बंगळुरूच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्यानंतर वेगवेगळ्या रचनांमध्ये चाचण्या होत राहिल्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये सातव्या उड्डाणात ते अंतिम रूपात उडालं. एवढी मोठी संस्था, तरी सात उड्डाणं एकेक पायरीनं झाली. आपल्या मुलींनी यातून घ्यायचं ते हेच, की एकदम जेटवर उडी मारायची नाही.

पहिली पायरी फुकटची आहे, आज घरीच करून बघा. एक कोरा कागद घ्या. त्याची लांब कड समोर धरा आणि बोटभर रुंदीची घडी पाच-सहा वेळा घालत न्या, म्हणजे पुढची बाजू जड होईल. मग मागच्या कडेची दोन्ही टोकं जराशी वर वाकवा. मधोमध धरून हलकेच पुढं सोडा. नाक खाली आपटलं तर मागची कड थोडी आणखी वर वाकवा. वर उठून मागं पडलं तर पुढं एक घडी वाढवा. दहा-वीस वेळा केलं की कागद सरळ तरंगत जातो. बिनशेपटीच्या विमानाचा अर्धा अभ्यास इथंच होतो.

दुसरी पायरी फोमच्या विमानाची. यात सगळ्यात महत्त्वाचा तोल. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईला तोल शिकवायला लागत नाही, पण इथं तो मोजून घ्यावा लागतो. पंखाची पुढून मागे रुंदी सगळीकडे २० सेंटिमीटर असेल, तर तोल पुढच्या कडेपासून ३ ते ४ सेंटिमीटरवर यायला हवा. पंख झुकलेला असेल तर सरासरी रुंदी काढून हिशेब करतात. दोन बोटांवर विमान धरून तोल बघायचा, बॅटरी पुढं-मागं सरकवून तो जुळवायचा. शेपटीच्या विमानाला बोटभर चूक चालून जाते, याला चालत नाही. तोल मागं गेला तर हातातून सुटताच ते उलटं होतं.

सामानाचंही सांगते. थर्माकोलला उग्र वासाचा, रबरी चिकटा लावू नका, थर्माकोल विरघळतं. पांढरा फेव्हिकॉल चालतो. रेडिओ, रिसीव्हर, मोटर, दोन सर्वो, बॅटरी आणि चार्जर मिळून खर्च साधारण आठ-दहा हजारांच्या घरात जातो. फोम तुटला तरी यातलं बहुतेक सामान पुढच्या विमानाला चालतं, म्हणजे तो पैसा एका पडण्यात बुडत नाही.

तिसरी पायरी जेटची. छोट्या जेट इंजिनाचं काम चुलीला फुंकणीनं हवा देण्यासारखं आहे. पुढचा पंखा हवा आत ओढून दाबतो, आत रॉकेल जळतं, तापलेला वायू मागच्या चक्राला फिरवत जोरात बाहेर पडतो, आणि तेच चक्र एका दांड्यानं पुढच्या पंख्याला फिरवतं. आपला मिक्सर मिनिटाला साधारण अठरा-वीस हजार फेरे घेतो. हे इंजिन लाखाच्या वर घेतं. मागून निघणाऱ्या वायूचं तापमान ५०० ते ७०० अंशांपर्यंत जातं. जोर वाढवायला सांगितलं की तो लगेच येत नाही, दोन-चार सेकंद लागतात. शिवाय रॉकेल जळत जाईल तसं वजन घटतं, म्हणून टाकी बरोबर तोलाच्या जागी बसवावी लागते. नाहीतर उडताना चांगलं असलेलं विमान उतरताना बिघडतं. असं एक इंजिनच लाखाच्या पुढं जातं. म्हणून कॉलेजातली मुलं आधी नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यावर शिकतात. ते जेटसारखं दिसतं, पण आग नसते.

आता धोके. बिनशेपटीच्या विमानाचा पंखा बहुधा मागं असतो. हातानं फेकताना तो बोटांजवळ येतो, म्हणून हात सुटल्यावरच मोटर चालू करायची. लिथियमची बॅटरी फुगली तर परत वापरायची नाही. ती चार्ज करताना घरात एकटी सोडायची नाही, गॅसपासून दूर, मातीच्या कुंडीत ठेवायची. रेडिओचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद होईल अशी सोय उडवण्याआधी तपासायची. आणि जागा. उन्हाळ्यात वाळलेलं गवत, कडब्याच्या गंजी, विजेच्या तारा, रस्ता, वस्ती, यांपासून लांब मोकळं माळरान लागतं. जेट असेल तर आग विझवायचं नळकांडं हाताशी हवंच.

कायदाही आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत वजनाचे गट ठरलेत. २५० ग्रॅमपर्यंतचं सगळ्यात छोटं. २ किलोपर्यंतचं, धंद्यासाठी न वापरलेलं, उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापेक्षा जड असेल तर प्रमाणपत्र हवं, आणि ते १८ वर्षं पूर्ण झालेल्या, दहावी पास व्यक्तीलाच मिळतं. नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. आपण लातूर आणि नांदेड दोन्ही विमानतळांपासून दूर आहोत, तरी उडवण्याआधी नकाशा बघायचाच. नियम बदलतात, म्हणून नोंदणीचं काम कॉलेजच्या सरांकडून किंवा मॅडमकडून खात्री करून घ्यायचं.

शेवटी आपल्या कामाचं. एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी लेकीच्या कॉलेजमधल्या विमानासाठी अंतर्गत कर्ज मागितलं. दोघी-तिघी म्हणाल्या, "पोरीच्या खेळण्याला गटाचा पैसा?" त्याच बैठकीत मुलाच्या मोटारसायकलचं कर्ज एकही प्रश्न न विचारता मंजूर झालं होतं. मी तिथं एवढंच म्हटलं की प्रश्न दोघांनाही विचारा. विमानासाठी चार प्रश्न: किती पायऱ्या झाल्यात, आधी साधं विमान उडवलंय का? खर्च चार-पाच जणींत वाटलाय का? पडलं तर किती सामान वाचेल? आणि उडवताना मोठं, जाणतं माणूस सोबत असेल का? मुलीनं वहीत लिहून चारही उत्तरं दिली. कर्ज मिळालं, रक्कम मात्र गटानं निम्मी केली आणि उरलेली मैत्रिणींनी मिळून घालायची ठरली. मला तो निर्णय योग्य वाटला.

सगळ्याच मुली डीआरडीओत जाणार नाहीत. पण तोल मोजणं, तार जोडणं, मोटर दुरुस्त करणं, नियम वाचणं हे जिला येतं, तिला उद्या फवारणीचा ड्रोन दुरुस्त करता येईल, मोजणीचं काम घेता येईल. ड्रोन दीदी योजनेत प्रशिक्षण १५ दिवसांचं आहे, पण बिघडलेलं यंत्र उघडून बघायची हिंमत पंधरा दिवसांत येत नाही. ती कागदाच्या विमानापासून येते. तेव्हा लेक कात्री आणि थर्माकोल घेऊन बसली तर पसारा झाला म्हणून उठवू नका. आधी विचारा, "तोल कुठं येतोय गं?"

एवढंच आज. पुढच्या बैठकीत हा विषय निघाला तर ते चार प्रश्न लक्षात ठेवा.