हिवाळ्याच्या सुटींतील तीन आनंद

सहामाही परीक्षा संपून नाताळची सुटी लागली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनावरील ओझें उतरतें आणि पालकांच्या मनावरील वाढतें. "मुलगा दिवसभर गोधडींत शिरून रहस्यकथा वाचतो," "मुलगी मांजराचें पिल्लूं मांडीवर घेऊन बसते," "सकाळीं उठून दोघेंही रानांत कोठें भटकतात तें कळत नाहीं," अशा तक्रारी सुटीनंतर शिक्षकांच्या कानीं हटकून येतात. या तिन्ही गोष्टी म्हणजे वेळेचा अपव्यय, असा सर्वसाधारण समज आहे. मला मात्र हे एकाच विद्येचे तीन पाठ वाटतात. ती विद्या म्हणजे अवलोकन. समोर जें आहे तें नीट पाहाणें, आणि जें असावयास पाहिजे होतें परंतु नाहीं, तेंही ध्यानांत घेणें. यांपैकीं दुसरा भाग अधिक अवघड. तो न साधल्यामुळें माझ्या हातून एकदां कशी चूक घडली, तें पुढें सांगणारच आहें.

प्रथम रहस्यकथेकडे वळूं. हा वाङ्मयप्रकार तसा फार जुना नाहीं. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याची, सन १८४१ मध्यें प्रसिद्ध झालेली, पॅरिस शहरांतील खुनांची कथा ही या प्रकारांतील पहिली आधुनिक कथा मानितात. पुढें आर्थर कॉनन डॉईल यानें शेरलॉक होम्स निर्माण केला. डॉईल हा वैद्यकाचा विद्यार्थी. एडिंबरो येथील त्याचे गुरु डॉ. जोसेफ बेल हे रोग्याची चाल, हात व कपडे पाहून त्याचा धंदा ओळखीत. होम्सची कल्पना आपणांस त्यांच्यावरूनच सुचली, असें डॉईलनें स्वतः सांगितलें आहे. म्हणजे गुन्हा शोधणारा हा चतुर पुरुष एका अर्थीं रोग शोधणाऱ्याच्या पोटीं जन्मास आला! आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंझारानें आणि काळ्या पहाडानें मराठी घरांतील कित्येकांस वाचनाची गोडी लावली.

चांगल्या रहस्यकथेचा आनंद कशांत असतो? खून आणि पाठलाग यांत तो थोडाच असतो. खरा आनंद असा, कीं लेखकानें सर्व खुणा आपल्यासमोर उघड्या मांडलेल्या असतात. सत्यान्वेषी व आपण एकच गोष्ट पाहात असतों. परंतु त्याला ती दिसते व आपणांस दिसत नाहीं. सन १८९२ मध्यें 'स्ट्रँड' मासिकांत आलेल्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेंत शर्यतीचा एक नामांकित घोडा रात्रीं तबेल्यांतून नाहींसा होतो. तबेल्यांत कुत्रा होता, माळ्यावर दोन पोरगे निजले होते. परंतु कुत्रा त्यांना जाग येईल इतका भुंकला नाहीं. इतरांस यांत कांहींच विशेष वाटत नाहीं. होम्स मात्र तेथेंच थांबतो. परका मनुष्य आला असता तर कुत्रा भुंकला असता. ज्या अर्थीं तो भुंकला नाहीं, त्या अर्थीं येणारा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. जी गोष्ट घडली नाहीं, तीच कोड्याची किल्ली ठरते.

मीं आठवींत असतांना नाताळच्या सुटींत हीच कथा वाचली, आणि होम्सच्या बुद्धीला मोठ्या कौतुकानें मान डोलावली. आमच्या घरीं मोत्या नांवाचा गांवठी कुत्रा होता. पहांटे गवळ्याच्या सायकलीची घंटा वाजली, कीं त्यानें भुंकून सारी आळी जागी करावी, हा त्याचा नित्यनेम. वैर म्हणून नव्हे, तर स्वागत म्हणूनच. त्या आठवड्यांत दोन दिवस पहांटे सर्वत्र शांत होतें. थंडी कडाक्याची होती, हातांत पुस्तक होतें. झोपमोड झाली नाहीं व वाचनांत खंड पडला नाहीं, याचेंच मला बरें वाटलें. तिसऱ्या दिवशीं आजीनें चुलीपाशीं बसल्याबसल्या विचारलें, "कां रे, मोत्या दोन दिवस भुंकला नाहीं तो?" आजीस अक्षरओळख नव्हती, आणि माझीं पुस्तकें म्हणजे तिच्या मतें निव्वळ रिकामपणचे उद्योग होते.

मोत्या गोठ्यामागें पेंढ्यांत पडून होता. कानांच्या आंत आणि पायांच्या बोटांमध्यें गोचिडांचे पुंजके होते. एरवीं गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. पशुवैद्यांनीं गोचीडतापाचें निदान केलें. हा ताप गोचिडाच्या चाव्यांतून रक्तांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतूंमुळें येतो, आणि वेळीं औषध मिळाल्यास बहुधा बरा होतो, असें त्यांनीं समजावून सांगितलें. त्यांनीं आपल्याकडून पराकाष्ठा केली. परंतु वेळ निघून गेली होती. चवथ्या दिवशीं मोत्या गेला. न भुंकणाऱ्या कुत्र्याचा अर्थ मीं पुस्तकांत वाचला होता; अंगणांत तो मला वाचतां आला नाहीं.

म्हणून पाळीव प्राण्याचें सुख ज्यांस हवें, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें, कीं मुक्या जीवाला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. त्याच्या नित्यक्रमांतील खंड हीच त्याची भाषा. त्यानें दिवसभर अन्न सोडलें, बोलावल्यावर शेपूट हलविली नाहीं, नेहमींची जागा टाकून तो अंधाऱ्या कोपऱ्यांत जाऊन बसला, तर वाट पाहूं नये. रोज दोन मिनिटें त्याचे कान, पंजे आणि हिरड्या पाहाव्यात. लाड म्हणजे केवळ कुरवाळणें नव्हे. लक्ष ठेवणें हाच खरा लाड होय.

तिसरा पाठ निसर्गाचा. त्यास तर पुस्तकही लागत नाहीं आणि पैसाही लागत नाहीं. मुंबईंत एका दहाबारा वर्षांच्या मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमींच्या चिमणीला असा डाग नसतो, मग ही कोण? मामांना सांगतां येईना, म्हणून त्यांनीं त्याला सन १८८३ मध्यें स्थापन झालेल्या 'बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी'कडे पाठविलें. तेथील चिटणीस मिलार्ड यांनीं पक्षी ओळखला, आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक त्याच्यासमोर उघडले. तोच मुलगा पुढें डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) म्हणून जगास माहीत झाला. एका पिवळ्या डागाचें रहस्य त्यांना आयुष्यभर पुरलें. आपण बंदूक हातीं घेण्याचें मुळींच कारण नाहीं. दोन डोळे पुरेत.

हिवाळ्यांत अशीं कोडीं पावलोपावलीं पडलेलीं असतात. ओढ्याकांठीं किंवा शाळेच्या पटांगणावर शेपटी सारखी खालींवर हलवीत तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी तुम्हीं पाहिला असेल. पावसाळ्यांत तो कोठें होता? हिमालयांत आणि त्याहूनही उत्तरेकडील थंड प्रदेशांत. तेथें घरटीं करून पावसाळा ओसरूं लागला, कीं हे पक्षी आपल्याकडे येतात, व उन्हाळ्याच्या तोंडीं परत फिरतात. पक्ष्यांच्या अशा प्रवासाचा पुरावा मिळविण्यासाठीं शास्त्रज्ञ त्यांच्या पायांत क्रमांक घातलेलें हलकें कडें अडकवितात. एका देशांत घातलेलें कडें दुसऱ्या देशांत सांपडलें, कीं दुवा जुळला! होम्सची रीत याहून निराळी ती काय?

रात्रीं आकाशही असेंच वाचावयास मिळतें. डिसेंबरांत आठनऊच्या सुमारास पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेलें दिसतें. त्याच्या पोटांतील तीन तारे म्हणजे व्याधानें मारलेला बाण. त्या रेषेंत खालीं पाहिलें, कीं तेजस्वी व्याध दिसतो. याच मृगांतील तांबूस तारा काक्षी. सन १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१९ च्या अखेरीस तो साध्या डोळ्यांनाही कळेल इतका मंद झाला. आतां याचा स्फोट होणार, असेंही कांहींना वाटलें. परंतु तो पुन्हां उजळला, आणि २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उलगडा केला, कीं ताऱ्यानेंच बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ बनली व तिनें त्याचा प्रकाश अडविला. रोज पाहाणाऱ्यासच एखाद्या दिवशींचें उणें कळतें.

विद्यार्थिमित्रहो, या सुटींत एक लहानशी वही करा. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे 'आज काय दिसलें' आणि उजवीकडे 'आज काय दिसलें नाहीं' असें लिहा. पहिली बाजू लवकर भरेल. दुसरी भरावयास लागली, म्हणजे आपण पाहावयास शिकलों असें समजा. अभ्यासाच्या पुस्तकाखालीं लपवून मात्र रहस्यकथा वाचूं नका. चोरून केलेल्या वाचनांत निम्मी बुद्धि पावलांच्या चाहुलीकडेच जाते. आणि पालकांस नम्र विनंती ही, कीं रात्रीं जेवतांना मुलांस एकदां तरी विचारावें, "आज काय पाहिलेंस?" रागावण्यापेक्षां या प्रश्नाचा उपयोग अधिक होईल.

आमच्या दारांत आज दुसरा कुत्रा आहे. आजी आतां नाहीं. सुटींत पहांटे मी अजूनही गोधडींत बसून रहस्यकथा वाचतों. परंतु बाहेर त्याचें भुंकणें ऐकूं आल्यावांचून पुस्तक उघडीत नाहीं.