रोहित पक्ष्यांच्या खाडीवर शाळेची सहल

निसर्गनिरीक्षणाची सहल ही प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमातील एक उपयुक्त बाब होय. पुस्तकातील दहा पाठांनी जे साधत नाही ते एका दिवसाच्या प्रत्यक्ष अवलोकनाने साधते. परंतु जे पाहावयास जावयाचे त्यालाच पाहणाऱ्यांच्या येण्याने उपद्रव होत असेल, तर अशा सहलीतून मुले उलटाच धडा घेऊन परततील. ठाण्याच्या खाडीवरील पक्ष्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. तेथे जाणाऱ्यांनी कसे वागावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तसे का वागावे, याचे विवेचन येथे केले आहे. कारण नियम कारणासह सांगितला, तरच तो मुलांच्या अंगवळणी पडतो.

अभयारण्याची ओळख

पश्चिमेस मुंबई व पूर्वेस नवी मुंबई यांच्या मधून समुद्राचा जो फाटा ठाणे शहरापर्यंत आत गेला आहे, ती ठाण्याची खाडी. हिच्या पश्चिम काठावरील, ऐरोली व वाशी या दोन पुलांमधील भाग महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून घोषित केला. त्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यापैकी निम्म्याहून थोडा अधिक भाग तिवरांच्या वनाचा व उरलेला पाण्याचा आहे. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारानुसार महत्त्वाच्या ठरविलेल्या स्थळांच्या यादीत ही खाडी २०२२ साली समाविष्ट झाली.

फ्लेमिंगो म्हणजेच आपला रोहित अथवा अग्निपंख. येथे त्याच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उभा राहिला म्हणजे चार-साडेचार फूट उंच भरतो. त्याची चोच फिकट गुलाबी व टोकाशी काळी असते. लहान रोहित त्याहून बराच ठेंगणा, अंगाने अधिक गुलाबी व चोचीने गडद, जवळजवळ काळपट लाल असतो. खाडीत संख्येने अधिक असतो तो हाच. दोघेही चोच उलटी करून पाण्यात बुडवितात आणि चाळणीतून पीठ चाळावे तसे पाणी गाळून अन्न वेगळे करतात. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म नीलहरित शैवाल खातो, तर मोठा रोहित बारीक कवचधारी प्राणी, किडे व शिंपलेही टिपतो. पिसांचा गुलाबी रंग या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच येतो. म्हणून लहान वयाचे पक्षी करड्या रंगाचे दिसतात.

साधारणपणे नोव्हेंबरपासून हे पक्षी खाडीत येऊ लागतात व मे-जूनपर्यंत राहतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ साली काही रोहितांवर उपग्रहाद्वारे माग घेणारी लहान यंत्रे बसविली, तेव्हा खाडीतून गुजरातेत जाणाऱ्या पक्ष्यांचा मार्ग कळून आला. रोहितांच्या जोडीला टिलवे, तुतवार, चिखले, पाणटिवळे असे अनेक लहान-मोठे पक्षी हिवाळ्यात येथे असतात. यांतील छोटा टिलवा चिमणीएवढा, वजनाने अवघा पंचवीस-तीस ग्रॅम. पण तो उन्हाळ्यात वीण करतो ती उत्तर सायबेरियाच्या गोठलेल्या प्रदेशात. परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्याला याच चिखलात खाऊन साठवावी लागते.

ओहोटी हीच जेवणाची वेळ

खाडीला दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. ओहोटी लागली म्हणजे चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात आणि पक्षी त्यांवर पसरून चरू लागतात. भरती चढली म्हणजे हे ताट पाण्याखाली जाते व पक्षी काठालगतच्या उथळ तळ्यांवर किंवा उंच जागी विसावा घेतात. अर्थात पक्ष्यांच्या जेवणाची वेळ घड्याळावर नसून चंद्रावर आहे.

आता मुलांना एक उदाहरण घालावे. एका ओहोटीत चिखल सहा तास उघडा राहतो असे समजू. त्या अवधीत चार बोटी अगदी जवळ गेल्यामुळे थवा चार वेळा उडाला आणि पुन्हा बसून निर्धास्तपणे चरू लागण्यास प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे गेली, तर चरण्याचा किती वेळ वाया गेला? उत्तर एक तास, म्हणजे एकूण वेळेचा सहावा हिस्सा. शिवाय प्रत्येक उड्डाणात साठविलेली शक्ती खर्च झाली ती निराळीच. भरतीच्या वेळी विसावलेल्या पक्ष्यांना उठविले, तर विश्रांतीही हिरावली जाते. आकाशात गुलाबी पंखांचा थवा उठलेला पाहून प्रेक्षक टाळ्या वाजवितात; परंतु तो देखावा पक्ष्यांच्या घासातून वजा केलेला असतो. पाहुण्यांनी पाळावयाच्या बहुतेक सर्व नियमांचे मूळ या एका हिशेबात आहे.

सहलीपूर्वीची तयारी

सहलीचा दिवस ठरविताना तिथी पाहावी. कोकणकिनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा की, शुद्ध अथवा वद्य पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता; आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज स्थूल आहे, म्हणून छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकाशी तो ताडून पाहावा. पाऊणकीचा पाढा व चंद्राच्या कला यांची उजळणी मुलांकडून आपोआपच होईल.

ऐरोली येथे वनविभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तेथून निघणाऱ्या बोटींच्या वेळाही पाण्यावर अवलंबून असतात. यास्तव केंद्राकडे आधी चौकशी करून वेळ निश्चित करावी. मुलांना मातकट, करड्या किंवा हिरव्या रंगाचे कपडे घालून येण्यास सांगावे. पाणी घरून बाटलीत आणावे व खाऊ डब्यात आणावा. वेष्टनातील पदार्थ आणू नयेत.

सहलीच्या वेळी

पहिली गोष्ट अंतराची. पक्षी घाबरल्याची चिन्हे मुलांना आधीच शिकवावीत. प्रथम काही पक्षी चरणे थांबवून माना उंच करतात. मग सारा थवा एका दिशेने चालू लागतो. त्यानंतर पंख उघडतात. माना वर झाल्या की तेथेच थांबावे. त्यापुढे एक हातही जवळ जाऊ नये. बोटीतील माणसे ‘आणखी जवळ घ्या’ असा आग्रह नावाड्यास करतात व वर बक्षिसीही देऊ करतात. त्याचा रोजगार पाहुण्यांच्या खुशीवर अवलंबून असल्याने त्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणून शिक्षकांनीच बोटीत चढताना नावाड्यास सांगावे, ‘दादा, पक्षी उडणार नाहीत इतक्या अंतरावर बोट ठेवा. लांबून दिसले तरी चालतील.’ मुलांच्या देखत उच्चारलेले हे एक वाक्य अनेक उपदेशांहून परिणामकारक ठरेल. शाळेकडे एखादी दुर्बीण असल्यास ती पाळीपाळीने द्यावी.

दुसरी गोष्ट शांततेची. आरडाओरड, टाळ्या, शिट्ट्या व गाणी वर्ज्य करावीत. पक्ष्यांना उडविण्यासाठी खडा फेकण्याचा मोह होतो, तो आवरावयास शिकवावे. भ्रमणध्वनीवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नयेत.

तिसरी गोष्ट अन्नाची. कुरव पक्ष्यांना शेव-गाठिया टाकण्याची सवय अनेकांना जडली आहे. तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे, आणि आयते मिळू लागले म्हणजे ते आपले शोधणे सोडून बोटींमागे लागतात. काठावर टाकलेल्या उष्ट्याने कावळे व भटकी कुत्री गोळा होतात व तीच पुढे पक्ष्यांच्या मुळावर येतात. सबब उरलेले सर्व अन्न परत न्यावे.

चौथी गोष्ट तिवरांची. झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोके म्हणजे तिवराची श्वसनमुळे होत. चिखलात हवा नसल्याने झाड यांच्याद्वारे श्वास घेते. ती तुडविल्यास झाडास इजा होते. म्हणून नेमलेली वाट सोडू नये. तिवराची पाने गळून कुजतात, त्यांवर किडे, चिंबोऱ्या, निवट्या व कोळंबी वाढतात, आणि त्यावर पक्षी व कोळी बांधवांची जाळी दोन्ही अवलंबून असतात. तिवर तोडला तर एकट्या पक्ष्याचेच नव्हे, माणसाचेही ताट रिकामे होते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ अन्वये अभयारण्यात वन्य प्राण्यांस त्रास देणे अथवा कचरा टाकणे यास मनाई आहे, हेही मुलांना सांगावे. जखमी पक्षी आढळल्यास त्याला हाताळू नये, पाणी पाजू नये. जागा लक्षात ठेवून वनविभागाच्या कर्मचाऱ्यास कळवावे. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी व तीवर अक्षरे दिसल्यास दिनांक व स्थळासह त्यांची नोंद करून ती केंद्रात द्यावी. अशा नोंदींवरूनच त्यांच्या प्रवासाचा माग लागतो.

सहलीनंतर

शाळेत परतल्यावर मुलांकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात. एक, पाहिलेल्या पक्ष्यांची यादी व चित्रे. दोन, आपल्यामुळे थवा किती वेळा उडाला याची प्रामाणिक नोंद. पुढील वर्षीच्या वर्गाने हा आकडा कमी करून दाखवावा. तीन, गावातील ओढ्याचे पाणी शेवटी कोठे जाते याचा नकाशा. अनेक ओढे, नाले व नद्या वाहत वाहत खाडीलाच मिळतात. पुलावरून पिशवीसकट टाकलेले निर्माल्य आणि गावच्या ओढ्यात फेकलेले प्लास्टिक भरतीबरोबर तिवरांच्या मुळांत अडकून बसते. म्हणजे जो कधीही खाडीवर गेला नाही, तोही तेथील पक्ष्यांचे भले किंवा बुरे करीत असतोच.

ज्या शाळांना इतक्या दूरची सहल शक्य नाही, त्यांनी आपल्या गावचे तळे, खाजण किंवा भातखाचर निवडावे. हिवाळ्यात तेथेही बगळे, शेकाटे, तुतवार येतात. अंतर, शांतता, अन्न व वाट हे चारही नियम तेथे तसेच लागू पडतात, आणि ते शिकविण्यास कसलाही खर्च येत नाही. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ भूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी किंवा त्याच्या आसपास प्रत्येक शाळेने एक सकाळ अशा निरीक्षणासाठी राखून ठेवावी.