निवृत्तीचे घर आणि निसर्गाचा हिशेब

निवृत्ती जवळ आली की मुंबईच्या चाकरमान्याला कोकणातले घर खुणावू लागते. कोलाड त्याला सोयीचे वाटते: हमरस्ता, रेल्वे आणि जवळून वाहणारी कुंडलिका. परंतु भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी एका जागेत घालण्यापूर्वी निसर्गाचाही हिशेब मांडावयास हवा.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. समुद्रापासून आत सरकले म्हणजे संकट टळले, असेही नाही. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने नागोठण्यात हाहाकार उडविला. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये दरडीखाली गाडले गेले. वादळाची वर्दी आधी मिळते. दरड सहसा ती देत नाही.

तेव्हा डोंगराचा पायथा आणि पुराचे पात्र टाळावे, छप्पर भक्कम बांधावे, जुन्या ग्रामस्थांस पाण्याची खूण विचारावी. शासनानेही दरडप्रवण जागांचे नकाशे ग्रामपंचायतींत लावावेत. तरुण माणूस पडलेले घर पुन्हा उभारतो. निवृत्तास ती संधी बहुधा एकदाच मिळते.