घेऊन टाका रे त्याला!

नोव्हेंबर २०२५. सबमिशन तोंडावर, जर्नलवर सह्या बाकी, आणि आमचं अख्खं टोळकं कॅन्टीनमध्ये बसून मुंबई इंडियन्सचा संघ बांधतंय! तेव्हा एकही मॅच चालू नव्हती. आयपीएल संपून पाच महिने झाले होते आणि पुढची यायला अजून चार होते. पण माझं ठाम मत आहे की मॅच बघतो तो नुसता प्रेक्षक. मॅच नसतानाही जो "त्याला काढा, याला घ्या" करत भांडतो तो खरा फॅन.

"सॅमसनला घेऊन टाका, विषय संपला!" पक्याने वडापाव हातात धरून निकाल दिला.

"आणि चहलला परत आणा," दुसरा.

"राहुल पण येईल. मुंबईला कोण नाही म्हणणार?" तिसरा.

आता मी पडले हिशेबी. (दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढल्यामुळे माझं मराठी यथातथाच आहे, ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची! पण गणित पक्कं आहे.) मी जर्नलचं मागचं पान उलटलं आणि लिहायला घेतलं. त्या पानावर जे काही निघालं ते तुम्हालाही सांगावं, म्हणून हा लेख. कारण "घेऊन टाका" म्हणायला अर्धा सेकंद लागतो, पण खेळाडू घेण्याआधी तीन कुलपं उघडावी लागतात.

पहिलं कुलूप पैशाचं. २०२६ च्या मोसमासाठी प्रत्येक संघाला १२५ कोटींची मर्यादा होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी खेळाडूंच्या किमतीसाठी त्याच्यापुढे एक रुपया नाही. आता मुंबईचं बघा. बुमराह १८ कोटी, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. झाले बरोबर ७५ कोटी, पाच माणसांत! त्यात बोल्टचे साडेबारा, दीपक चहरचे सव्वानऊ, नमन धीर आणि विल जॅक्सचे प्रत्येकी सव्वापाच मिळवा. नऊ जण, १०७.२५ कोटी. उरले १७.७५ कोटी. आणि सॅमसनची किंमत १८ कोटी!

म्हणजे पंचवीसच्या संघातल्या उरलेल्या सोळाच्या सोळा जागा रिकाम्या ठेवल्या तरी पक्याचा सॅमसन पंचवीस लाखांनी हुकत होता. पान फिरवून त्याला दाखवलं तेव्हा त्याने आधी माझ्या बेरजेवर शंका घेतली, मग मोबाईलवर करून बघितली, आणि मग म्हणाला, "मग बोल्टला काढा."

इथे दुसरं कुलूप लागतं, जागांचं. संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात परदेशी आठच, आणि मैदानात उतरणाऱ्या अकरांत परदेशी चारच. त्यामुळे एक माणूस काढला की त्याच्या जागी कुठलाही दुसरा बसतो असं होत नाही. बोल्ट गेला तर सुरुवातीला नव्या बॉलवर स्विंग कोण करणार? मशीनमधून बेअरिंग काढून तिथे गिअर बसवता येतो का, मी पक्याला विचारलं. तो मेकॅनिकलचा, त्याला लगेच कळलं. (पटलं नाही ही गोष्ट वेगळी.)

तर ही काढघाल दोन वाटांनी होते. एक म्हणजे लिलाव, तो सगळ्यांना माहीत आहे. दुसरी वाट म्हणजे ट्रेड, म्हणजे संघासंघांतली परस्पर देवाणघेवाण. आयपीएलमध्ये ती २००९ पासून आहे. त्या वर्षीच आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बंगलोरकडून मुंबईत आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून तिकडे गेला. आशिष नेहरा दिल्लीला गेला, शिखर धवन मुंबईला आला. माणसाच्या बदल्यात माणूस, आजीच्या काळात तांदूळ देऊन सुकी मासळी घ्यायचे तसं. कधी बदल्यात माणूस नसतो, नुसते पैसे असतात. तेव्हा खेळाडूचं मानधन नव्या संघाच्या मर्यादेत मोजलं जातं, पण जुन्या संघाला जी ट्रान्सफर फी द्यायची ती मर्यादेच्या बाहेर असते. ती किती, हे त्या दोघांतच राहतं. आणि लिलावात नुकत्याच घेतलेल्या खेळाडूला लगेच त्याच मोसमाआधी ट्रेड करता येत नाही.

हे सगळं आम्ही खरं शिकलो ते २०२३ मध्ये, हार्दिकमुळे. मी तेव्हा बारावीत... नको ती आठवण! २६ नोव्हेंबरला संघांच्या याद्या लागल्या तेव्हा हार्दिक पांड्याचं नाव गुजरातकडे होतं. दुसऱ्या दिवशी तो मुंबईचा! वर्गातले अर्धे म्हणाले फसवणूक आहे. फसवणूक कसली, हिशेब होता. हार्दिकचे १५ कोटी आणायचे तर लिलावासाठी मुंबईकडे काही उरतच नव्हतं. म्हणून साडेसतरा कोटींच्या कॅमेरॉन ग्रीनला बंगलोरला दिलं, तेवढी जागा मोकळी झाली आणि हार्दिक आत. ट्रान्सफर फी किती, हे अधिकृतपणे कधी जाहीर झालं नाही.

कागदावर बघाल तर झकास सौदा. २०१५ ते २०२१ मुंबईतच खेळलेला, गुजरातला २०२२ ची ट्रॉफी मिळवून दिलेला ऑलराउंडर परत आला. पण १५ डिसेंबरला त्याला कॅप्टन केलं, आणि रोहित, ज्याने पाच ट्रॉफ्या आणल्या, तो बाजूला झाला. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर टॉसच्या वेळी आपल्याच माणसांनी हार्दिकची इतकी हुर्यो उडवली की संजय मांजरेकरांना माईकवरून लोकांना नीट वागायला सांगावं लागलं. मुंबई चौदांपैकी चार मॅच जिंकून तळाला, दहावी.

आणि खोटं कशाला बोलू, घरी टीव्हीसमोर मीही ओरडत होते. आजी म्हणाली, "काय गो, त्या पोराने तुझं काय घोडं मारलंन?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच वर्षी २९ जूनला बार्बाडोसमध्ये वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर त्यानेच टाकली, सोळा रन वाचवायचे होते, आणि आपण सात रननी जिंकलो. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा जयघोष! तेव्हाही मी ओरडले. आजीने या वेळी नुसतं बघितलं.

आता तिसरं कुलूप. हे कॅन्टीनमध्ये कोणाच्याच लक्षात येत नाही. ट्रेडला देणारा संघ तयार हवा, घेणारा संघ तयार हवा, आणि खुद्द खेळाडू हो म्हणायला हवा. त्याच्या होकाराशिवाय आयपीएलमध्ये ट्रेड होत नाही. आणि उलट बाजूने, त्यानेही परस्पर दुसऱ्या संघाशी बोलणी करायची नाहीत. राजस्थानच्या रवींद्र जडेजावर याच कारणाने २०१० च्या पूर्ण मोसमाची बंदी आली होती. (नशीब बघा, पंधरा वर्षांनी, २०२५ च्या नोव्हेंबरात पक्याचा तो सॅमसन चेन्नईला गेला आणि बदल्यात सॅम करनबरोबर राजस्थानला परतला तो जडेजाच! आणि तोही १८ वरून १४ कोटींवर यायला तयार होऊन.)

अमेरिकेत बेसबॉलमध्ये ही देवाणघेवाण शंभर वर्षांहून जुनी आहे, पण तिथे खेळाडूला कोणी विचारायचं नाही. १९६९ मध्ये कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूला सेंट लुईसच्या संघाने बारा वर्षांनंतर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो म्हणाला मी जाणार नाही, आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्दही त्यात गेली. पण १९७३ पासून तिथे नियम आला, दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा लिलाव आठवला.

आमच्या बाजूच्या गावांतून आता वाडीवाडीच्या प्रीमियर लीग असतात हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. टेनिस बॉल, सड्यावरचं ग्राउंड, मे महिना, मुंबईहून आलेले चाकरमानी. आणि मॅचच्या आधी पॉइंटवर लिलाव! गेल्या वर्षी शाळेच्या पडवीत लिलाव झाला. सहा संघमालक, प्रत्येकाला दहा हजार पॉइंट. लॅपटॉप मला येतो म्हणून एक्सेल सांभाळायला मी. काकांनी विचारलं तर सल्लेही देत होते. सात वर्षं कॅन्टीनमधल्या पोरांसारखं टीव्हीसमोर "याला घ्या, त्याला काढा" केल्यावर खरा संघ बांधायला मिळाला म्हटल्यावर मी हवेतच!

लिलावानंतर दोन दिवसांनी काकांच्या, म्हणजे आमच्याच वाडीच्या संघात विकेटकीपर कमी आहे असं लक्षात आलं. खालच्या वाडीकडे दोन होते आणि त्यांना डावखुरा बॉलर हवा होता. आमच्याकडे डावखुरे दोन. त्यातला एक माझा चुलत भाऊ. दादा चौतिशीचा, लोअर परळला नोकरीला, दरवर्षी रजा साठवून मे महिन्यात येणारा आणि शाळेत होता तेव्हापासून आमच्याच वाडीकडून खेळणारा. मी आकडे बघितले. दुसरा बॉलर बावीस वर्षांचा, रन कमी देणारा. मी म्हटलं, "काका, दादाला देऊन टाका, दोन्ही संघ बॅलन्स होतात." पॉइंट बसले, जागा बसल्या. मी शीटवर दादाचं नाव एका रकान्यातून कट करून दुसऱ्यात पेस्ट केलं आणि शीट ग्रुपवर टाकलं.

दादाला ते लोकलमध्ये व्हॉट्सॅपवर कळलं. रात्री त्याचा फोन आला. चिडला नव्हता. "शीट छान केलंयस," म्हणाला. मग जरा थांबून, "मला एक फोन करायचा होतात गो."

बस, एवढंच. मी काहीतरी स्ट्राइक रेट आणि इकॉनॉमी सांगत राहिले आणि तो "हं, हं" करत राहिला. तो आला, खालच्या वाडीचा टी-शर्ट घालून खेळला. आमच्या मॅचला दोन विकेट काढल्या, त्यातली एक आम्हीच बदल्यात घेतलेल्या कीपरची! आम्ही हरलो. पण एरवी दादाची विकेट म्हणजे आमच्या बाजूला ढोल वाजायचा. त्या दिवशी आमच्या बाजूच्या कोणालाच कळेना टाळ्या वाजवायच्या की नाही.

आमच्या नावाच्या मोठ्या संघाचंही इथे सांगून टाकते, नाहीतर सीनियर लोक रागावतील. रत्नागिरी जेट्सने महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोनदा जिंकली, अझीम काझी कॅप्टन. पण मॅच झाल्या त्या पुण्याजवळ गहुंजेला. आम्ही चॅम्पियन झालो आणि आमच्या गावात एक बॉल पडला नाही! तरी आम्ही नाचलो. संघाचं आणि माणसाचं नातं नक्की कशाने जोडलेलं असतं, गावाने, नावाने की खेळाडूने, यावर कॅन्टीनमध्ये दोन चहा आणि एक प्रॅक्टिकल वाया गेलंय.

मुंबईचं पुढे काय झालं? शार्दूल ठाकूर लखनौकडून दोन कोटींत आला, आपला पालघरचा पोरगा. रुदरफोर्ड गुजरातकडून २.६० कोटींत, मयंक मार्कंडे कोलकात्याकडून ३० लाखांत, आणि अर्जुन तेंडुलकर लखनौला गेला. लिलावाला जाताना खिशात उरले २.७५ कोटी फक्त. १६ डिसेंबरला अबुधाबीत कोलकात्याने त्याच ग्रीनवर २५.२० कोटी लावले आणि मुंबईने एक कोटीत क्विंटन डी कॉक उचलला, २०१९ आणि २०२० च्या ट्रॉफ्यांचा आपला जुना साथीदार. मला तो सौदा फार आवडला. पक्या अजून सॅमसनवरच आहे.

गावच्या लीगच्या फॉर्मचं कामही परत माझ्याचकडे आलंय. नाव, वाडी, बॅटिंग की बॉलिंग, टी-शर्टची साईज, आणि या वेळी मी एक प्रश्न वाढवला : 'लिलावानंतर अदलाबदल झाल्यास चालेल का? हो / नाही.' काका म्हणाले, "कशाला उगाच वाद?" पण ठेवू दिलाय. बहुतेकांनी 'हो' लिहिलंय. दोघातिघांनी टी-शर्टची साईजच तिथे लिहिलीय.

दादाचा फॉर्म अजून आलेला नाही. या रविवारी फोन करणार आहे.